पालीची शेपटी आणि ‘कशावरून?’

लहान मुलाने मुंग्या चिरडल्या, चतुराच्या शेपटीला दोरा बांधला किंवा पिल्लाला दगड मारला, की आई-वडील माझ्याकडे एकच धास्ती घेऊन येतात: आमचं मूल क्रूर तर होत नाहीये ना? गुन्हेगारांचं बालपण उलगडून दाखवणाऱ्या मालिका बघून ही धास्ती हल्ली वाढली आहे. तिला नुसतं ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर देता येत नाही, म्हणून एका मुलाबद्दल सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

ओजस साडेसहा वर्षांचा, पहिलीत. दप्तर आवरताना आईला त्याच्या कंपासपेटीत पालीच्या तीन शेपट्या सापडल्या. दोन वाळलेल्या, तिसरीला मुंग्या लागलेल्या. चौकशी केल्यावर कळलं, की स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या पालींना तो लाकडी पट्टीने डिवचायचा आणि शेपटी गळून पडली की बसून बघायचा. बाबांनी एक थोबाडीत दिली. आजी म्हणाली, “पाप लागतं रे, पुढच्या जन्मी पाल होशील.” आईचं जेवणच तुटलं. “मॅडम, आज पाल आहे, उद्या कुत्रं, परवा कोणाचं तरी लहान पोर,” असं म्हणत ती रडायला लागली.

ओजसला मी ‘का केलंस?’ असं विचारलं नाही. त्या प्रश्नाला या वयाची मुलं एक तर खाली बघतात, नाहीतर मोठ्यांना हवं असतं ते बोलून सुटतात. मी विचारलं, “काय दिसलं?” मग तो थांबेचना. शेपटी पडल्यावर आधी जोरात उड्या मारते, मग हळू. तो शंभर म्हणेपर्यंत एक शेपटी हलत होती. एक मात्र लगेच थांबली. पाल रडत नाही, पळते. एवढं सांगून त्याने मलाच विचारलं, “शेपटी जिवंत असते का? मग पालीचे दोन जीव होतात?”

हा त्रास देण्यात मजा घेणारा मुलगा नव्हता. जे हलतं ते जिवंत, अशी या वयातल्या मुलांची समजूत असते. ज्याँ पियाजे या मानसशास्त्रज्ञाने ती शंभरेक वर्षांपूर्वीच नोंदवून ठेवली आहे. ओजसला एक खरं कोडं पडलं होतं आणि ते सोडवायला त्याच्याकडे पट्टीशिवाय दुसरं साधन नव्हतं. त्यामुळे पालीचा त्रास कमी झाला असं नाही, पण आपण काय करायचं ते त्यामुळे बदलतं.

मला जास्त काळजी वाटली ती त्याच्या पुढच्या वाक्याची. “आजी म्हणाली पाप लागतं. मी दुसऱ्या दिवशी परत केलं. काहीच झालं नाही.”

पापाची भीती घालणारे आपण विसरतो, की मूल ती पडताळून बघतं. काही होत नाही हे एकदा दिसलं, की भीतीबरोबर तिच्या पोटात दडवलेली दयाही निकालात निघते. ‘पोलीस पकडून नेतील’, ‘देवबाप्पा डोळे फोडेल’ यांचीही तीच गत. पालीला लागतं, हे खरं आणि साधं कारण त्या घरात कोणी सांगितलंच नव्हतं.

ते मी सांगितलं. शेपटीच्या मणक्यांमध्ये तुटण्यासाठी ठरलेल्या जागा असतात. मांजराने धरलं की पाल तिथून शेपटी सोडते. शेपटीतल्या नसा आणि स्नायू थोडा वेळ आपले आपण काम करत राहतात. मांजर त्या वळवळीकडे बघत बसतं, तेवढ्यात पाल पळून जाते. म्हणजे जीव एकच, आणि तो पळालेल्या पालीत. शेपटीत ती चरबी साठवते आणि खायला कमी मिळालं की त्यावर निभावते. नवी शेपटी यायला बरेच आठवडे लागतात आणि तिच्यात मणके नसतात, कूर्चेची, म्हणजे मऊ हाडासारखी, कांडी असते. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे मी तिचा डबा घेतला.”

त्याला दिलेलं काम एवढंच: ट्यूबलाइटजवळ येणारी बिनशेपटीची पाल रोज बघायची, चित्र काढायचं, हात लावायचा नाही. त्याने तिचं नाव ‘थोटी’ ठेवलं. काही दिवसांनी तिला पापण्या नसतात आणि ती जिभेने डोळे पुसते, हे तो आईला ओढत नेऊन दाखवायला लागला. आई आधी दारातूनच बघायची. तोपर्यंत तिची पद्धत म्हणजे पाल दिसली की किंचाळायचं आणि झुरळांचा फवारा मारायचा. दयेच्या गोष्टी त्या घरात कमी नव्हत्या. तहानेल्या गाढवाला गंगेची कावड पाजणारे एकनाथ आणि पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव ओजसला पाठ होते. पण त्या गोष्टी संतांच्या. फवारा आईचा, आणि तो रोज दिसायचा.

बाबांनी भिंतीवर मोरपीस लावलं होतं, त्याने पाली येत नाहीत म्हणून. ओजसने विचारलं, “कशावरून?” बाबा चिडले. मी त्यांना म्हटलं, चिडू नका, दोघं मिळून बघा. एका ट्यूबजवळ मोरपीस ठेवलं, दुसरीजवळ नाही, आणि रात्री जेवण झाल्यावर पाली मोजल्या. जिथे चिलटं जास्त, तिथे पाली जास्त निघाल्या. मोरपिसाने काही फरक पडला नाही. बाबा म्हणाले, “पीस जुनं आहे.” मला ते वाक्य फार आवडलं, कारण ओजसने लगेच विचारलं, “मग नवीन लावल्यावरही आल्या तर तुम्ही मान्य कराल?” चिकित्सक विचार म्हणून मुलांच्या शिबिरांत जे शिकवतात, ते त्या घरात एका मोरपिसावर झालं. एका घरातल्या दोन ट्यूबवरून जगाचा नियम निघत नाही, हेही मी त्याला सांगितलं. ते त्याला फारसं पटलं नाही.

आजीचं प्रकरण नाजूक होतं. पाल चुकचुकली की आजी ‘कृष्ण कृष्ण’ म्हणणार, अंगावर पडली की पंचांगातलं पल्लीपतनाचं, म्हणजे पाल कुठे पडली तर काय फळ ते सांगणारं, पान काढणार. ओजस एकदा सरळ म्हणाला, “आजी, तू खोटं बोलतेस,” आणि घरात रणकंदन झालं. प्रश्न विचारायला शिकवलं की मुलं उद्धट होतात, ही तक्रार मी नेहमी ऐकते, आणि ती अगदीच खोटी नाही. प्रश्न कसा विचारायचा हेही शिकवावं लागतं. आम्ही सराव केला: “आजी, तुला हे कोणी सांगितलं? तू कधी बघितलंस?” आजी म्हणाली, “माझ्या सासूने सांगितलं, तिला कोणी सांगितलं ते देव जाणे.” आणि हसली. पुढे कळलं, की देवघरातल्या तसबिरीमागे पालीची दोन अंडी होती आणि आजीने ती कोणाला झटकू दिली नव्हती. तिची कारणं माझ्याहून वेगळी असतील, पण त्या घरात पालींना सांभाळणारं माणूस तीच होती. हे मी ओजसच्या आईला मुद्दाम सांगितलं.

पाल विषारी असते का, हाही प्रश्न आलाच. आपल्या घरात येणारी पाल विषारी नसते. पण तिच्या अंगावर आणि विष्ठेत साल्मोनेलासारखे पोट बिघडवणारे जंतू असू शकतात, म्हणून पाल पडलेलं अन्न टाकूनच द्यायचं आणि तिला हात लागला तर साबणाने धुवायचा. ‘विषारी नाही’ आणि ‘खायला चालेल’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ओजसला त्याच्या बाबांपेक्षा लवकर कळलं.

कुत्र्यांबाबत मी याहून कडक आहे. भूतदया शिकवताना मुलांना रस्त्यावरच्या कुत्र्याच्या गळ्यात पडायला पाठवू नका. जेवणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लं असलेल्या कुत्रीपासून लांब राहायचं, हेही तिच्या बाजूने विचार करणंच आहे. चावलं किंवा ओरखडलं, तर जखम लगेच पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि त्याच दिवशी लसीसाठी दवाखाना गाठा. मिरचीपूड, चुना असलं काही लावू नका. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं. आणि कुत्र्याजवळ गेल्याबद्दल मुलाला मारू नका, नाहीतर पुढच्या वेळी ते ओरखडा लपवेल.

शाळेच्या पुस्तकांत सुरुवातीला छापलेली मूलभूत कर्तव्यं ओजसच्या बाबांना मी वाचायला लावली. राज्यघटनेचं कलम ५१क, १९७६ साली आलेलं. त्यात प्राणिमात्रांबद्दल दया बाळगणं हे एक कर्तव्य आहे आणि लगेच त्याखाली वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधकबुद्धी. पुस्तकाला कव्हर घालताना आपण ते पान दरवर्षी उलटतो.

मग खरी काळजी कधी करायची? मूल लपूनछपून, पुन्हा पुन्हा, कुत्र्या-मांजरासारख्या प्राण्याला दुखवत असेल. तो विव्हळतोय हे कळूनही थांबत नसेल किंवा त्यात त्याला मजा येत असेल. सोबत आग लावणं, धाकट्या भावंडांना इजा करणं असेल, तर वाट बघू नका, बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जा. आणि घरात कोणी कोणाला मारतं का, मुलाला कोणी त्रास देतं का, हे आधी तपासा. अशी मुलं अनेकदा स्वतः सोसलेलं खालच्यावर काढत असतात. म्हणूनच ओजसच्या बाबांशी मी त्या थोबाडीत मारण्याबद्दल वेगळं बोलले. आपल्यापेक्षा लहानाला मारून ‘लहान जिवाला मारू नये’ हे शिकवता येत नाही, एवढंच म्हणाले. त्यांनी वाद घातला नाही.

मध्यंतरी आईचा फोन आला. आवाज हसरा होता, पण अडचण नवी होती. रविवारी ताटात कोंबडी आली आणि ओजसने विचारलं, “हिला लागलं नसेल?” मी काय सांगू, असं ती विचारत होती. मी तिला तयार उत्तर दिलं नाही. शाकाहारी घरात हा प्रश्न सोपा वाटतो. तिथे मी दुधाबद्दल विचारते. ओजसच्या आई-बाबांना म्हटलं, जे खरं वाटतं ते सांगा, ‘कोंबडीला काही कळत नाही’ असलं मात्र सांगू नका. बाबा म्हणाले, “लागलं असणार. तरी मी खातो, मला आवडतं. तुझं तू ठरव.” ओजस सध्या रस्सा खातो आणि फोडी आईच्या ताटात टाकतो. आजीने विचारलं, असं का रे? तर म्हणाला, “अजून ठरवतोय.”