गेमिंग पत्रकार आणि गेमर यांच्यात एवढं वैर का? रिव्ह्यू खरंच विकले जातात का?

सांगलीत विश्रामबागला सहा वर्षं गेमिंग कॅफे चालवला. तुम्ही म्हणताय ते वैर तिथे रोज बघितलंय.

संशय उगाच आलेला नाही. २००७ मध्ये गेमस्पॉट या गेम-रिव्ह्यू छापणाऱ्या साइटच्या जेफ गर्स्टमननं ‘केन अँड लिंच’ला १० पैकी ६ गुण दिले, तेव्हा त्याच साइटवर त्या गेमच्या जाहिराती झळकत होत्या. त्याची नोकरी गेली. जाहिरातदारांच्या दबावापुढे वरचे लोक झुकले, हे त्याला उघड बोलता आलं ते थेट २०१२ मध्ये.

२०२० चं ‘सायबरपंक २०७७’ मला त्याहून गंभीर वाटतं, कारण तिथे पत्रकाराला विकत घ्यायची गरजच पडली नाही. गेम येण्याआधी रिव्ह्यूसाठी फक्त पीसीची कॉपी दिली, स्वतः रेकॉर्ड केलेला व्हिडिओ दाखवायलाही बंदी. पीएस४ वरची, म्हणजे सोनीच्या गेमिंग मशीनवरची, दुर्दशा लोकांना कळली ती पैसे मोजल्यावर. सोनीनं आठवड्याभरात गेम आपल्या ऑनलाइन स्टोअरवरून काढला. आमच्या मार्केट यार्डात हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय व्यापारी भाव बोलत नाही. इथे मोडून दाखवलं एका पोत्यातलं आणि गळ्यात मारलं दुसरंच पोतं.

पण राग निघतो कुणावर? कॅफेत अकरावीतला एक पोरगा एका परदेशी रिव्ह्यूवालीला शिव्या टाइप करत होता, १० पैकी ७ दिले म्हणून. विचारलं, "खेळलास का?"

"नाही दादा, शुक्रवारी येतोय."

सुट्टीभर चुलत्याच्या दुकानात राबून त्यानं साडेतीन हजार जमवले होते आणि ते आगाऊ भरूनही टाकले होते. आपल्या पैशालाच कुणीतरी नावं ठेवली, असं त्याला वाटलं. डोळ्यांत पाणी होतं पोराच्या.

२०१४ च्या ‘गेमरगेट’ या ऑनलाइन छळाच्या मोहिमेत अशाच रागाचं टोक दिसलं. एका गेम बनवणाऱ्या बाईनं चांगल्या रिव्ह्यूसाठी पत्रकाराशी संबंध ठेवले, असा आरोप. त्या पत्रकारानं तिच्या गेमचा रिव्ह्यू लिहिलेलाच नव्हता! तरी धमक्यांमुळे तिला घर सोडावं लागलं. जाहिरातीचा पैसा आणि आगाऊ कॉप्या ज्यांच्या हातात, ते मात्र नामानिराळे राहिले.

त्या पोराला सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. आगाऊ पैसे भरू नका, आठ दिवस थांबा. आणि गुणांचा आकडा बघण्याआधी रिव्ह्यू कुठल्या मशीनवर खेळून लिहिलाय, कॉपी कुणी दिली, ते वाचा.