वाचक विचारतात : पिझो पॅच चिकटवला, तरी थरथर तशीच

प्रश्न : प्रोजेक्टसाठी २ मिमी जाड ॲल्युमिनियमची पट्टी एका टोकाला व्हाइसमध्ये पकडली आहे. मोकळी लांबी १६० मिमी. थरथर लवकर थांबावी म्हणून मुळाशी ५०×२५×०.२५ मिमीचा पीझेडटी-५ए पॅच (वाकवला की वीज तयार करणारा पिझो सिरॅमिकचा पातळ तुकडा) चिकटवून त्याच्या तारांना १ मेगओहमचा रेझिस्टर जोडला. टिचकी मारली की पट्टी पूर्वीइतकाच वेळ थरथरते. काय चुकतंय? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सांगली)

उत्तर : रेझिस्टर फारच मोठा झाला. पॅचमध्ये तयार होणारी वीज रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जिरावी, एवढाच हा खेळ. १ मेगओहममधून प्रवाह नावापुरताच वाहतो, आणि तारा शॉर्ट केल्या (थेट एकमेकींना जोडल्या) तर वाहतो खरा, पण जिरत काहीच नाही. योग्य किंमत मधली : १ भागिले (६.२८ × कंपनसंख्या × पॅचची कपॅसिटन्स). ६४ हर्ट्झ आणि ८० नॅनोफॅरड धरले तर सुमारे ३१ किलोओहम. कपॅसिटन्स मीटरवर मोजूनच घ्या.

पण आधी एक चाचणी करा, ती बहुतेक जण टाळतात. तारा शॉर्ट करून टिचकी मारा आणि ५० आवर्तनांना लागणारा वेळ नोंदवा. मग तारा मोकळ्या ठेवून पुन्हा. पट्टीवर बझरची छोटी चकती चिकटवून तिचा सिग्नल लॅपटॉपच्या माइक सॉकेटमध्ये रेकॉर्ड केला तरी चालतं. शॉर्टला ०.७८१ आणि मोकळ्याला ०.७७४ सेकंद आले, म्हणजे ६४.० आणि ६४.६ हर्ट्झ. दोहोंच्या भागाकाराच्या वर्गातून १ वजा केला की ०.०१९ उरतात, त्याचं वर्गमूळ ०.१४ हा तुमचा कपलिंग गुणांक, म्हणजे पट्टीच्या हालचालीचं पॅच किती चांगलं विजेत रूपांतर करतो याचं माप. दोन्ही वेळा सारख्याच आल्या तर कुठलंही सर्किट उपयोगाचं नाही, दोष चिकटवण्यात आहे. दुहेरी टेप किंवा सिलिकॉनचा जाड थर स्वतःच सरकतो आणि ताण पॅचपर्यंत पोचत नाही. पृष्ठभाग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून आयसोप्रोपिलने पुसा, संथ सेट होणाऱ्या इपॉक्सीचा पातळ थर द्या, वर वजन ठेवून २४ तास हात लावू नका. पॅच व्हाइसच्या कडेपासून १-२ मिमीवर सुरू व्हावा. जबड्याखाली गेला तर सिरॅमिक तडकतं.

अर्थात नुसत्या रेझिस्टरकडून फार अपेक्षा नको. गुणांकाच्या वर्गाचा चौथा भाग, म्हणजे जेमतेम अर्धा टक्का डॅम्पिंग (कंपनं शमण्याचं प्रमाण) वाढेल. इंडक्टर (तारेची कॉइल) जोडून पट्टीच्या कंपनसंख्येला ट्यून केलं तर तेच पाच टक्क्यांच्या घरात जातं. १९७९ मध्ये संशोधक फॉरवर्ड यांनी हे दाखवलं आणि १९९१ मध्ये हॅगूड व फॉन फ्लोटो यांनी त्याचं गणित मांडलं. अडचण अशी की इंडक्टर ७७ हेन्रींचा लागतो. एवढी कॉइल गुंडाळली तर किलोंनी वजन होईल, आणि तिच्या तारेचाच रोध लागणाऱ्या ६ किलोओहमच्या (१.४१ × ०.१४ × ३१) पुढे जाईल. म्हणून दोन ऑपॲम्पचा अँटोनिऊ गायरेटर (कॉइलशिवाय इंडक्टरसारखं वागणारं सर्किट) बांधा : टीएल०७२, ±१५ व्होल्ट, तीन रेझिस्टर १० किलोओहमचे, चौथ्याच्या जागी १० किलोओहम आणि ५ किलोओहमचा मल्टिटर्न प्रीसेट (स्क्रू फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) सिरीजमध्ये, शिवाय ०.६८ मायक्रोफॅरडचा पॉलिएस्टर कपॅसिटर (इलेक्ट्रोलिटिक नको). पॅचची ॲल्युमिनियमकडची बाजू ग्राउंडला. प्रीसेट ११.४ किलोओहमच्या बेरजेपासून हळूहळू फिरवा. टिचकी हलकीच मारा, कारण जोरात मारली की व्होल्टेज सप्लायपर्यंत जाऊन ऑपॲम्प सॅच्युरेट होतो आणि इंडक्टर असल्यासारखा वागतच नाही. सकाळी जुळवलेलं दुपारी बिघडलं, तर दोष पॅचचा : तापमानाबरोबर कपॅसिटन्स सरकते. पुन्हा ट्यून करा.

आणि मोकळी लांबी १८० मिमी करू नका. मग कंपनसंख्या ५० हर्ट्झवर येते आणि घरातल्या विजेची गुणगुण मापात शिरते.

प्रश्न : गच्चीवरच्या पंपाचा घुमणारा आवाज या पॅचने कमी होईल का? (गृहिणी, ठाणे)

उत्तर : नाही. डॅम्पिंग कामाला येतं ते अनुनाद असेल तर, म्हणजे वस्तू स्वतःच्याच कंपनसंख्येवर थरथरत असेल तर. दोन पोलच्या पंपाची मोटर मिनिटाला सुमारे २,८५० फेरे फिरते आणि स्लॅबला सतत ढकलत राहते. तिथे कंपनं तोडायलाच हवीत. खाली रबर पॅड घाला (पंप ठेवल्यावर ते २-३ मिमी दबले पाहिजेत), पाइपाच्या दोन्ही टोकांना लवचिक होजचा तुकडा जोडा, आणि भिंतीवरच्या क्लॅम्पमध्ये रबर द्या. बरेचदा आवाज त्या क्लॅम्पमधूनच खाली उतरत असतो.