नव्या नियमांची झळ आधी कोणाला?

प्रश्न : मी महसूल विभागात अव्वल कारकून आहे. २००८ ची भरती, वय ४३. संघटनेच्या ग्रुपवर रोज काहीतरी येतं. वेतनवाढ कामगिरीवर मिळणार, पन्नाशीनंतर घरी बसवणार, पुढची भरती कंत्राटी, वरच्या जागांवर बाहेरचे तज्ज्ञ. झोप लागत नाही. एका बांधकाम व्यावसायिकाकडे जमिनीच्या कागदपत्रांचं काम मिळतंय, पगार बरा आहे. घरचे म्हणतात, आताच सोड. मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिला एमपीएससी करायची आहे. तिला करू द्यावी का? – एक वाचक

ताई, तुमची नोकरी आणि लेकीची नोकरी हे दोन प्रश्न तुम्ही एकाच गाठोड्यात बांधलेत. आधी ते सोडवू, कारण दोघींची उत्तरं वेगळी आहेत.

तुमच्या शेजारच्या टेबलावर २००४ ला लागलेलं कोणी बसत असेल. काम तेच, वरिष्ठ तेच, पण त्यांना जुनी पेन्शन आणि तुम्हाला नाही. कारण एकच, १ नोव्हेंबर २००५ ही तारीख. त्या दिवसापासून लागलेल्यांसाठी राज्याने नियम बदलला, आधीच्यांना हात लावला नाही. आपल्याकडे सेवाविषयक मोठे बदल बहुधा असेच येतात. आत असलेल्यांना दुखवलं की संप होतो, कोर्टकचेऱ्या होतात. दाराबाहेर रांगेत उभ्या असलेल्यांची संघटना नसते. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने १४ आणि २० वर्षांच्या सेवेनंतर कसून आढावा घ्यावा, अयोग्य ठरेल त्याला वीस वर्षांनी थांबवावं, असं सुचवलं होतं. त्यातही नेमणूक वीस वर्षांसाठीच असेल ही अट घालायची होती ती नव्या नियुक्त्यांना. तो अहवाल २००८ चा, म्हणजे तुम्ही लागलात त्याच वर्षीचा. तुमची नोकरी चालू आहे, अहवाल कपाटात आहे.

म्हणून ग्रुपवर काही आलं की पहिला प्रश्न विचारा : ही शिफारस आहे, मंत्रिमंडळाचा निर्णय आहे, की शासन निर्णय, म्हणजे जीआर, निघालाय? निघालेला शासन निर्णयसुद्धा परत जातो. बाह्ययंत्रणेमार्फत कंत्राटी भरतीचा ६ सप्टेंबर २०२३ चा निर्णय ऑक्टोबरमध्ये रद्द झाला. केंद्रात वरच्या पदांवर बाहेरचे तज्ज्ञ घेण्याच्या (लॅटरल एन्ट्री) ४५ जागांची जाहिरात ऑगस्ट २०२४ मध्ये आली आणि तीन दिवसांत मागे घ्यावी लागली. हे विषय पुन्हा येणार नाहीत असं मी म्हणत नाही. येतील. पण दर मेसेजला रक्तदाब वाढवून घ्यायचं कारण नाही.

आता ‘घरी बसवणार’ याबद्दल. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३११ मुळे रीतसर चौकशीशिवाय तुम्हाला बडतर्फ करता येत नाही, अपवाद अगदी मोजके. मात्र ५०–५५ च्या वयात सेवेचा आढावा घेऊन मुदतपूर्व निवृत्त करण्याची तरतूद नवी नाही, ती १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांतही सापडते. आणि अशी निवृत्ती ही शिक्षा नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्येच सांगितलंय. त्यामुळे तिथे ३११ ची ढाल चालत नाही. तिथे बघतात तो सगळा सेवाभिलेख, त्यातही अलीकडच्या वर्षांना जास्त वजन. म्हणजे काळजी करायचीच असेल तर ती गोपनीय अहवालाची करा, वरिष्ठ दरवर्षी तुमच्या कामाबद्दल लिहितात त्याची.

आणि इथे आपली माणसं फार निष्काळजी असतात. स्वयंमूल्यनिर्धारणाच्या रकान्यात बहुतेक जण लिहितात, ‘नेमून दिलेली सर्व कामे वेळेत पार पाडली.’ पुढच्या वर्षी तेच वाक्य, फक्त तारीख बदलून. त्याऐवजी लिहा : १ एप्रिलला संकलनात, म्हणजे तुमच्या टेबलावर, किती प्रकरणं प्रलंबित होती, वर्षभरात किती नवी आली, ३१ मार्चला किती उरली, त्यातली न्यायालयीन स्थगितीमुळे किती. निवडणुकीच्या कामात किती आठवडे गेले तेही. उद्या वेतनवाढ कामगिरीशी जोडली गेलीच, तर कागदावर आकडा असलेला माणूस बोलू शकतो. प्रतवारी कळवली नसेल तर लेखी मागा. प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे, हा सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा निकाल आहे.

एक गोष्ट पत्रात लिहायची राहिली. महसूल अर्हता परीक्षा पास आहात का? नसाल, तर नायब तहसीलदारपदाची वाट तुमची तुम्हीच अडवून ठेवली आहे, आणि त्यात कुठल्याही सुधारणेचा दोष नाही. अभ्यास इथपासून सुरू करा.

बिल्डरकडची नोकरी? स्पष्टच सांगते, नको. त्यांना तुमचं ज्ञान थोडं आणि कचेरीतली ओळख जास्त हवी आहे. तुमच्या ओळखीचे लोक बदलून गेले की तुमचा भाव उतरेल. शिवाय हिशेब बघा. केंद्राच्या एकीकृत निवृत्तिवेतन योजनेत २५ वर्षं सेवा झाली की शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्क्यांची हमी आहे, राजीनामा देणाऱ्याला ती हमी नाही. राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये ही योजना स्वीकारली. तुमची पंचवीस वर्षं २०३३ मध्ये भरतात. तुम्ही कोणत्या निवृत्तिवेतन योजनेचा विकल्प दिला आहे, किंवा अजून दिलाच नाही का, ते आस्थापना शाखेत जाऊन सेवापुस्तकात पाहा. ग्रुपवर विचारू नका.

आता लेक. सुरुवातीला म्हटलेली दाराबाहेरची रांग म्हणजे ती. तिला एमपीएससी करू द्या, पण ‘सरकारी म्हणजे पक्की’ या तुमच्या काळातल्या समजुतीवर नको. प्रत्येक जाहिरातीत नियुक्तीचं स्वरूप काय आहे, नियमित की कंत्राटी, परिवीक्षा किती, निवृत्तिवेतन योजना कोणती, हे पदनामाच्याही आधी वाचायची सवय तिला लावा. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. तिचा बराच अभ्यास यूपीएससीलाही चालेल, तेव्हा लिहिण्याचा सराव आत्तापासून हवा. किती प्रयत्न करायचे ते आजच ठरवा, आणि पदवीबरोबर अर्थार्जनाचं एखादं कौशल्य तिच्या हाती असू द्या. खुल्या प्रवर्गात ३८ वर्षांपर्यंत संधी आहे, म्हणून तोवर अभ्यासिकेत बसायचं नाही.

तिचे पदवीचे विषय आणि तिला लिहायला आवडतं की नाही, हे कळवलंत तर कुठल्या परीक्षेपासून सुरुवात करावी ते सांगता येईल. शक्य असेल तर पुढचं पत्र तिलाच लिहू द्या.