मार्चअखेरीचा बर्फ शिळा नसतो

तुम्ही विचारले आहे की, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बारा वर्षांच्या मुलाला घेऊन गुलमर्गला स्कीइंग शिकायला जावे, की तोवर बर्फ शिळा झालेला असल्यामुळे पैसे वाया जातील. एका ओळीत उत्तर देऊन मी मोकळी होणार होते. परंतु ‘शिळा’ हा शब्द वाचला आणि ते शक्य झाले नाही. नेमका हाच शब्द, याच बर्फाबद्दल, माझे धाकटे दीर गेली आठ वर्षे दर गणपतीला आमच्या पडवीत बसून सगळ्या नातेवाइकांदेखत उच्चारत आले आहेत.

आमचे गुहागरला घरगुती निवास आणि खानावळ आहे. नाताळापासून जानेवारीअखेरपर्यंत आणि पुन्हा मे महिन्यात खोल्या भरलेल्या असतात. रिकाम्या राहतात त्या पावसाळ्यात आणि मुलांच्या परीक्षांच्या दिवसांत. त्यामुळे मी स्की शिकले ती मार्चमध्येच, आणि हा निर्णय आवडीचा नव्हता, पोटापाण्याचा होता. पुण्याला राहणाऱ्या भाऊजींना असे कोणतेच बंधन नाही. ते जानेवारीत जातात, गुडघाभर भुसभुशीत ताज्या बर्फात, म्हणजे पावडरमध्ये, काढलेले व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकतात आणि खाली लिहितात, “वहिनी, बर्फ असा असतो.”

माझ्या तिसऱ्या वर्षी ते पहिल्यांदाच आमच्याबरोबर मार्चमध्ये आले. पहिल्याच सकाळी गोंडोलाच्या, म्हणजे तारेवरून डोंगर चढणाऱ्या रोपवेच्या, पहिल्या पाळण्यांपैकी एकात बसून ते कोंगडोरीला, म्हणजे पहिल्या टप्प्याच्या थांब्याला, तीन हजार मीटरांच्या थोडे वर, पोहोचले आणि जानेवारीच्या सवयीने लगेच उतारावर निघाले. रात्रभर गोठलेला पृष्ठभाग फरशीसारखा कडक होता आणि आदल्या दुपारी पडलेले स्कीचे चर त्यात तसेच थिजून राहिले होते. त्यांच्या स्कीच्या कडांचा, पत्र्यावर कोयता घासावा तसा आवाज मला वरपर्यंत ऐकू आला. दुसऱ्या वळणाला ते कमरेवर आपटले, तीस-चाळीस फूट घसरत गेले आणि एक स्की त्यांच्याही पुढे जाऊन थांबली.

मी त्या वेळी टपरीवर चहा पीत होते, कारण माझ्या प्रशिक्षकांनी मला उठूच दिले नव्हते. गुलमर्गच्या पायथ्याच्या टंगमर्गचे हे साठीचे गृहस्थ मोजके बोलणारे होते. दर दहा मिनिटांनी ते बाहेर जात, हातातली काठी बर्फात टोचत आणि परत येऊन “अभी नहीं” एवढेच म्हणत. साडेदहाच्या सुमारास काठी टोचल्यावर ‘टक्’ऐवजी ‘चर्र’ असा आवाज आला आणि त्यांनी मान हलवली. मी हातमोजा काढून मूठभर बर्फ उचलला. त्याचा गोळा होईना. काचेसारखे ओलसर दाणे, काही जाड्या रव्याएवढे, काही ज्वारीएवढे, बोटांच्या फटींतून सुटे सुटे गळून गेले. वरचा दोन बोटे जाडीचा थर असा मोकळा होता आणि खाली अजून टणक होते. तुम्ही कोकणातले असाल तर खळ्यात वाळत घातलेल्या भातातून पाय सरकवत चालला असाल. दाणे पायाखालून बाजूला होतात आणि खालची सारवलेली जमीन मात्र पायाला भक्कम लागते. त्या दिवशी स्कीखाली तेच जाणवत होते. वळण्यासाठी जोर करावा लागत नव्हता, आणि ज्या उतारावर आदल्या वर्षी मी आडवी चालत उतरले होते, तो मी सलग सात वेळा उतरले.

भाऊजी तोवर “हा बर्फ नव्हे, काँक्रीट आहे” असे सांगून हॉटेलवर परतले होते. जेवून दीड वाजता ते पुन्हा वर आले, तेव्हा दाण्यांचा चिखल झालेला होता. असा पाणथळ बर्फ स्कीच्या तळाला चोखून धरतो. स्की एकाएकी थांबतात आणि माणूस थांबत नाही. ते तोंडावर पडले. म्हणजे त्यांनी त्या दिवसाची दोन्ही टोके अनुभवली आणि मधले अडीच तास पाहिलेच नाहीत, तरीही निकाल मात्र संपूर्ण ऋतूवर दिला.

या बर्फाला कॉर्न स्नो म्हणतात. मक्याशी त्याचा संबंध नाही. इंग्रजीत कॉर्न म्हणजे मुळात धान्याचा दाणा. दिवसा उन्हाने वरचा थर वितळतो, पाणी कणांमधल्या फटींत उतरते आणि रात्री गोठते. हे रोज होत राहिले की ताज्या बर्फाच्या सहा टोकांच्या चांदण्यांचे काही उरत नाही; लहान कण आधी वितळतात, त्यांचे पाणी मोठ्या कणांवर गोठते आणि शेवटी एक मिलिमीटरपासून काही मिलिमीटरपर्यंतचे गोल दाणे राहतात. रात्री हे दाणे एकमेकांना घट्ट सांधले जातात. सकाळच्या उन्हात आधी सांधे सुटतात, दाणे नंतर वितळतात. सांधे सुटलेले आहेत आणि दाणे शाबूत आहेत, एवढाच काळ कामाचा असतो. तो उताराच्या तोंडाप्रमाणे बदलतो: पूर्वेकडचा उतार आधी तयार होतो, मग दक्षिणेकडचा, पश्चिमेकडचा दुपारी, तर उत्तरेकडे हिवाळा बराच काळ रेंगाळतो. गोंडोला ज्यावर चढतो त्या अफरवट डोंगराची गोंडोलाकडची बाजू साधारण पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे तिथे ही वेळ लवकर येते आणि लवकर संपते. परदेशी पुस्तकांतल्या वेळा मात्र जशाच्या तशा धरू नका. आपले घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखावृत्तावर चालते आणि गुलमर्गला सूर्य तिथल्यापेक्षा अर्ध्या तासाहून थोडा अधिक उशिराच माथ्यावर येतो.

तेव्हा ‘शिळा’ म्हणायचेच असेल तर म्हणावे, पण मग शिळ्यात वाईट काय आहे तेही सांगावे. भाऊजी आमच्याकडे असले की न्याहारीला फोडणीचा भात मागतात. तो आदल्या रात्रीच्या भाताचाच मोकळा होतो, ताज्या भाताचा केला तर गिचका होतो, हे त्यांना पूर्णपणे मान्य आहे. बर्फाच्या बाबतीत तेवढे ते मानायला तयार नाहीत. शिवाय जानेवारीत पावडर मिळतेच, हेही आता खरे राहिलेले नाही. २०२५ साली गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा पुरेशा बर्फाअभावी फेब्रुवारीतून पुढे ढकलून ९ ते १२ मार्चला घ्याव्या लागल्या होत्या.

आता माझा स्वतःचा मूर्खपणाही सांगते, नाहीतर हे उत्तर एकतर्फी होईल. चौथ्या रात्री आभाळ भरून आले. निरभ्र रात्री हवा शून्याच्या किंचित वर असली तरी बर्फाचा पृष्ठभाग आपली उष्णता आकाशाकडे सोडून गोठतो; हिवाळ्यात आमच्या अंगणात दव पडते त्यामागेही हेच कारण असते. ढगांची गोधडी पांघरलेली असली की ते होत नाही. सकाळी प्रशिक्षकांनी टाचेने बर्फ दाबून पाहिला, बूट घोट्यापर्यंत आत गेला आणि त्यांनी त्या दिवशी वर जायला नकार दिला. तीन दिवसांच्या यशाने माझ्या डोक्यात हवा गेली होती. मी एकटीच कोंगडोरीला गेले, आखलेला मार्ग सोडून कडेच्या न तुडवलेल्या बर्फात शिरले आणि गुडघ्यापर्यंत रुतले. एक स्की खोदून काढायला अर्धा तास लागला आणि पाय मुरगळला तो वेगळाच. हे मी भाऊजींना आजवर सांगितलेले नव्हते, आता वाचतील.

तुमच्या मुलाच्या दृष्टीने म्हणाल तर दाणेदार बर्फ नवशिक्याला फार माया करतो, कारण वेग आपोआप बेताचा राहतो आणि पडले तरी लागत नाही. परंतु नवशिक्यांचे उतार खाली गुलमर्गच्या कुरणात, सुमारे २,६५० मीटरांवर आहेत आणि मार्चअखेरीस काही वर्षी तिथे गवत डोके काढू लागते. तसे झाले तर सरावासाठी रोज कोंगडोरीला जावे लागेल, तो खर्च धरून ठेवा. गोंडोलाचा दुसरा टप्पा जवळजवळ ३,९५० मीटरांपर्यंत जातो. तिथून दिसणारे दृश्य जरूर पाहा, पण स्की करत उतरण्याचा विचारही करू नका. वसंतात, विशेषतः रात्री गोठण न झाल्यास, चढत्या दिवसाबरोबर ओल्या बर्फाचे कडे सुटून हिमस्खलन होते. यावरून हिवाळा निर्धोक असतो असे मात्र कोणी समजू नये. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू मरण पावले, तो भर हिवाळाच होता.

कपडे पाणी न शिरणारे घ्या, कारण या दिवसांत माणूस थंडीने नव्हे तर ओलाव्याने गारठतो. आणि आम्ही समुद्रकाठची माणसे, आम्हाला उन्हाचे काय, असे मला वाटले होते. बर्फावरून ऊन उलटे, खालून येते. माझ्या हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडांना फोड आले, कारण तिथे क्रीम लावायचे कोणाला सुचते? मुलाला ते तिथेही लावा आणि काळा चष्मा काढू देऊ नका.

तेव्हा खोल्या अवश्य ठरवा, मात्र प्रशिक्षक सकाळी दहाच्या आधी घाई करणारा नको. तुमचा मुलगा साडेसातलाच बूट चढवून दारात उभा राहील. त्याला टाचेने बर्फ दाबून पाहायला बाहेर पाठवा. नुसता ओरखडा उमटला असे त्याने येऊन सांगितले, तर त्याला आणखी एक पराठा वाढा.