तिसऱ्यांदा नीट कशासाठी?

प्रश्न : मुलगी दोनदा नीटला बसली, सरकारी मेडिकल थोडक्यात हुकलं. आजी तोंडाच्या कॅन्सरनं गेल्यापासून तिला इम्युनोथेरपीवर, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीकरवी कॅन्सरशी लढणाऱ्या उपचारांवर संशोधन करायचंय. बीएस्सी करते म्हणते. आम्ही पुन्हा क्लास लावलाय, मोबाइल काढून घेतलाय. डॉक्टर न होता कॅन्सरवर संशोधन कसं होणार? – एक पालक, लातूर

उत्तर : गुणांचं नंतर बघू. मला काळजी वाटली ती त्या मोबाइलची. मुलगी सज्ञान आहे. तिला न विचारता तुम्ही फी भरलीत आणि मैत्रिणींशी बोलण्याची वाटही बंद केलीत. दोन अपयशं पचवून ती सांगतेय, मला हे करायचंय. एवढी स्पष्टता माझ्याकडे येणाऱ्या फार थोड्या मुलांकडे असते. तुम्ही त्या स्पष्टतेलाच हट्ट समजताय. मोबाइल आजच परत द्या.

आता तुमचा गैरसमज. प्रतिकारशक्तीतल्या लढाऊ टी पेशींच्या पृष्ठभागावर सीटीएलए-४, पीडी-१ अशी प्रथिनं असतात. प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटू नये म्हणून ही प्रथिनं टी पेशींना आवर घालतात. अनेक कर्करोगपेशी पीडी-१ला जोडलं जाणारं पीडी-एल१ हे प्रथिन पुढे करून याच व्यवस्थेआड लपतात. प्रतिपिंडानं (अँटिबॉडीनं) ही जोडणी अडवली, की टी पेशी पुन्हा हल्ला करू शकतात. सीटीएलए-४ रोखल्यावर उंदरांतल्या गाठी नाहीशा होतात, हे १९९६ मध्ये दाखवणारे जेम्स अ‍ॅलिसन डॉक्टर नाहीत, पीएचडी केलेले शास्त्रज्ञ आहेत. त्या कामातून आलेल्या इपिलिमुमॅब या औषधाला २०११ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. २०१८ चं नोबेल त्यांना आणि तासुकु होंजोंना मिळालं. होंजो वैद्यकीय पदवीधर खरे, पण १९९२ मध्ये पीडी-१ सापडलं ते त्यांच्या क्योटोतल्या प्रयोगशाळेत.

डॉक्टरही लागतातच. ही औषधं महाग, म्हणून टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी पुढच्या टप्प्यातल्या डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये, ज्यात तोंडाचाही येतो, नेहमीच्या उपचाराला पीडी-१ रोखणाऱ्या निवोलुमॅबच्या दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅमची जोड दिली. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. अशा कामाची ओढ असेल तर मेडिकल करावं. तुमच्या मुलीनं ते मागितलेलं नाही.

पैशांचं स्पष्ट सांगतो. पदवी, एमएस्सी, मग पाच-सहा वर्षं पीएचडी. नेट-जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता. तिशीपर्यंत घरी पैसे पाठवणं कठीण. हे तिला आजच ठाऊक हवं, आणि घराला पेलवेल का यावर तुम्ही जरूर बोला.

आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थांची प्रवेशपरीक्षा, नायसरसारख्या विज्ञान संस्थांसाठीची नेस्ट ही परीक्षा, नाहीतर चांगल्या कॉलेजात बीएस्सी, या वाटा माहितीच्या आहेत. पुढे पेशींवर संशोधन करणारं पुण्याचं एनसीसीएस आणि टाटा मेमोरियलचं खारघरमधलं कॅन्सर संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक आहेच. मात्र आयसरला बारावी कोणत्या वर्षी झाली याची अट असते. आणखी एक वर्ष नीटमध्ये गेलं तर ती संधी हातची जाऊ शकते. या आठवड्यातच दोघं बसून माहितीपत्रक वाचा, आणि अर्ज तिलाच भरू द्या.