शेळ्यांच्या दोन जाती जनुकीयदृष्ट्या किती वेगळ्या, हे तपासायला कोणतं सॉफ्टवेअर वापरावं?

उस्मानाबादी आणि संगमनेरी शेळ्यांचा ५० हजार मार्करांच्या (म्हणजे डीएनएमधल्या, प्राण्याप्राण्यांत बदलणाऱ्या ठरावीक जागांच्या) चिपवरचा डेटा हाती आहे, पण प्रोग्रॅमिंग येत नाही, अशी तुमची अडचण दिसते. प्रोग्रॅमिंगवाचून काही अडणार नाही.

प्लिंक या जनुकीय डेटा हाताळणाऱ्या प्रोग्रॅमपासून सुरुवात करा. शॉन पर्सेल आणि सहकाऱ्यांनी ते २००७ साली माणसांवरच्या अभ्यासासाठी काढलं, पण आज कुठल्याही प्राण्यासाठी सर्रास वापरतात. फुकट मिळतं आणि एकेका ओळीच्या कमांडवर चालतं. फक्त तुम्ही काही सांगितलं नाहीत, तर ते नमुने माणसाचेच धरून चालतं. शेळीत लिंगगुणसूत्रं सोडून २९ जोड्या असतात. हा आकडा कमांडमध्ये दिला नाही, तर २३ नंबरचं गुणसूत्र ते एक्स समजतं, २४ नंबरचं वाय, आणि २७ वर पोचलं की एरर देऊन थांबतं. नवख्या विद्यार्थ्यांचे कितीतरी दिवस इथेच जातात.

मग गाळणी. ज्या नमुन्यांत बरीच माहिती गहाळ आहे ते काढा, आणि जवळचे नातलग शोधून काढा. हे दुसरं काम अजिबात टाळू नका. एकाच बोकडाची करडं नमुन्यांत जास्त आली, तर ते कुटुंबच वेगळ्या जातीसारखं उठून दिसतं. शेजारशेजारचे, एकत्र वारशाने येणारे मार्करही विरळ करा. हे सगळं प्लिंकमध्येच होतं. पीसीए (कोणते नमुने एकमेकांच्या जवळ आणि कोणते दूर, ते ठिपक्यांच्या चित्रात दाखवणारी पद्धत) आणि दोन जातींमधला एफएसटी (दोन गटांमधल्या जनुकीय फरकाचं माप) सुद्धा.

पीसीएचं चित्र नीट पाहिल्याशिवाय ॲडमिक्स्चरकडे वळू नका. ॲडमिक्स्चर २००९ चं; प्रत्येक नमुन्यात कोणत्या गटाचा किती वाटा असावा, याचा ते अंदाज देतं. २००० साली आलेल्या स्ट्रक्चर या प्रोग्रॅमचंच गणिती मॉडेल ते वापरतं, पण उत्तर शोधायची पद्धत वेगळी असल्याने एवढ्या मोठ्या डेटावर कितीतरी लवकर आटपतं. ते लिनक्स आणि मॅकसाठी आहे. विंडोजवर आत लिनक्स बसवून घ्या.

त्यातून येणारे, हे वाटे दाखवणारे रंगीत पट्टे मोहात पाडतात, म्हणून हे कळकळीने सांगतो. 'के' (म्हणजे किती गट धरायचे तो आकडा) तीन ठेवल्यावर आकडे चांगले आले, म्हणजे तीन मूळ पूर्वज होते असं नाही. डॅनियल लॉसन, लूसी व्हॅन डॉर्प आणि डॅनियल फलुश यांनी २०१८ साली दाखवून दिलं की अलीकडचा संकर असो, नमुन्यांत नसलेल्या एखाद्या गटाशी झालेला संकर असो, की एका गटाची संख्या एकदम घटलेली असो, तिन्हींचे पट्टे जवळजवळ सारखेच दिसू शकतात. 'अमुक टक्के रक्त तमुक जातीचं' असं वाक्य प्रबंधात घालण्याआधी थांबा.

चिपबद्दलही एक. तिच्यावरचे मार्कर सानेन, अल्पाइन, बोअर अशा जातींमधून निवडलेले आहेत, भारतीय जातींमधून नव्हे. त्यामुळे आपल्या शेळ्यांतली विविधता प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकते. परदेशी जातींशी तुलना करणार असाल, तर हे लिहायलाच हवं.

एक्सेलमध्ये चालणारं जेनॲलेक्स सोपं आहे, पण ते थोडक्या मार्करांसाठी. तुमच्या डेटाला पुरणार नाही.

नमुने किती गावांतून आणि किती कळपांतून घेतलेत ते कळवा. त्यावरून नातलगांची मर्यादा कुठे ठेवायची ते सांगता येईल.