वाचकांचे प्रश्न : ग्रुप कुठल्या ॲपवर न्यायचा?

प्रश्न : ताई नमस्कार. मी आमच्या गावातल्या शेतकरी गटाचा सचिव आहे. पीक विम्याचं म्हणा, फार्मर आयडीचं म्हणा, सगळे सभासद आधार, पासबुक, सातबारा याचे फोटो थेट ग्रुपवरच टाकायलेत. मला हे काही बरं वाटंना. मी म्हणलं आपण सिग्नल नावाच्या मेसेजच्या ॲपवर जाऊ, तर पोरं म्हणायलीत की व्हॉट्सॲपबी एन्क्रिप्टेडच आहे, मग नवीन ॲपचा ताप कशाला. त्यांचं खरं का माझं?
— एक वाचक, ता. सेलू, जि. परभणी

उत्तर : दादा, पोरांचं अर्धं खरं आहे आणि ते आधी मान्य करा, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. व्हॉट्सॲपनं २०१६ मध्ये सगळ्यांच्या मेसेजला जे कुलूप (तेच एन्क्रिप्शन) लावलं ते सिग्नलवाल्यांनीच तयार केलेल्या पद्धतीचं आहे, मेसेज तुमच्या फोनवर बंद होतो आणि समोरच्याच्या फोनवर उघडतो, मधे कंपनीलासुद्धा वाचता येत नाही. त्यामुळं व्हॉट्सॲपवाले आपलं सगळं वाचत बसतात असं कुणी सांगत असेल तर ते चूक आहे, आणि असलं चुकीचं सांगून माणसं दुसऱ्या ॲपवर न्यायचीच नाहीत.

फरक आहे तो मेसेजच्या बाहेरच्या माहितीत. कोण कुणाशी बोललं, कधी, किती वेळा, कुठल्या ग्रुपात आहे, फोन कुठला वापरतो, ही ती माहिती. आता समजा एखादी बाई रोज रात्री अकरानंतर माहेरी केजला फोन लावती, मग एका दुपारी बीडच्या वकिलाला, दुसऱ्या दिवशी दवाखान्याला. तिचा एक शब्दही कुणी ऐकला नाही तरी तिच्या घरात काय चाललंय ते कळलंच ना? शब्दाला कुलूप असून तिची गोष्ट उघडीच राहिली.

आता ही बाहेरची माहिती कोण ठेवतं आणि कशासाठी, हा खरा प्रश्न. व्हॉट्सॲप २०१४ पासून फेसबुकचं, म्हणजे आताच्या मेटाचं आहे, आणि मेटाची कमाई जाहिरातीवर आहे. २०२१ मध्ये त्यांनी व्हॉट्सॲपची माहिती मेटाच्या बाकी कंपन्यांना देण्याबद्दल नवीन अटी आणल्या, मान्य करा नाहीतर बघा अशा धाटणीच्या, तुमच्याबी फोनवर ती पाटी आली असेल. त्यावरून भारताच्या स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटींचा दंड लावला आणि कंपनी त्याच्याविरुद्ध अपिलात गेली. आणि सिग्नलकडं काय असतं ते २०१६ मध्येच दिसलं, अमेरिकेतल्या एका तपासात त्यांच्याकडं दोन नंबरांची माहिती मागितली होती, त्यातला एकच नंबर सिग्नलवर होता आणि त्याच्याबद्दल त्यांना दोनच गोष्टी देता आल्या, खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. कॉन्टॅक्टची यादी नाही, ग्रुप नाही, मेसेज नाहीत. द्यायला त्यांच्याकडं दुसरं काही नव्हतंच. मला हेच मोलाचं वाटतं, कारण सांभाळू म्हणणारा उद्या बदलू शकतो, मालक बदलतो, अटी बदलतात, पण जे गोळाच केलं नाही ते कुणाच्या हाती लागणार?

पण दादा, तुमच्या गटाला खरा धोका मेटापेक्षा जवळ आहे, तो म्हणजे फोनची गॅलरी. तुमच्या ग्रुपवर कुणीतरी पासबुकाचा फोटो टाकतो, तो सगळ्यांच्या फोनवर आपोआप उतरतो आणि गॅलरीत लग्नाच्या, पोरांच्या फोटोत जाऊन बसतो. त्यातला एकजण फोन दुरुस्तीला म्हणून स्टँडजवळच्या दुकानात देतो, लॉकचा नंबरबी सांगून येतो, दुसरा जुना फोन न पुसताच विकतो. सभासदाची सही, खाते नंबर, आधार, सगळं एका ठिकाणी, आणि ज्याचं आहे त्याला पत्ताच नाही. वर त्या चॅटचा बॅकअप गुगलवर जातो आणि तिथं कुलूप आपोआप नसतं, सेटिंगमध्ये जाऊन बॅकअपचं एन्क्रिप्शन वेगळं चालू करावं लागतं, २०२१ पासून ती सोय आहे पण ती चालू केलेली माणसं मी फार कमी बघितली. सिग्नलमध्ये आलेला फोटो तुम्ही मुद्दाम सेव्ह केल्याशिवाय गॅलरीत जातच नाही. नुसत्या या एका गोष्टीसाठी मी तुमच्या बाजूनं आहे.

म्हणून असं करा, सगळा ग्रुप हलवायच्या मागं लागू नका. पावसाचं, भावाचं, सोयाबीनवरच्या रोगाचं बोलणं आहे तिथंच राहू द्या, ते चार लोकांनी वाचलं तर उलट चांगलंच. फक्त कागदपत्रं सिग्नलवर, आणि तीही ग्रुपवर नाही तर एकट्या सचिवाला. पोर्टलवर भरून झालं की काढून टाका, किंवा मेसेज आठवड्यानं आपोआप जायचं सेटिंगच लावून ठेवा (ते व्हॉट्सॲपवरबी आहे, ज्यांना तिथंच राहायचंय त्यांनी तिथं लावा, आणि गॅलरीत फोटो दिसायचं सेटिंग बंद करा). जिथं चालतं तिथं मास्क केलेलं आधार मागा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, आधारच्या वेबसाइटवरून मिळतं. ज्यांच्याकडं साधा फोन आहे त्यांचे कागद हातात घ्या, झेरॉक्सवर कशासाठी दिलं ते लिहून घ्या. माणसानं तुमच्यावर विश्वास ठेवून कागद दिलाय, तो कागद म्हणजे त्याच्या वर्षाचं पीक आहे, तेव्हा पोरं ताप म्हणली तरी तुम्ही मागं हटू नका.

प्रश्न : ताई, मी लातूरला नीटची तयारी करते. क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये नंबर गेल्यापासून अनोळखी मुलांचे मेसेज यायलेत. मैत्रीण म्हणते टेलिग्राम सेफ आहे, तिथं नंबर दिसत नाही आणि सगळं सिक्रेट असतं. घरी सांगितलं तर फोनच काढून घेतील.
— एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : आधी एक सांगते, यात तुझं काहीच चुकलं नाही, क्लासला नंबर देणं हा गुन्हा नाही, आणि फोन काढून घेणं हा त्याच्यावरचा इलाज नाही. घरच्यांना हे पान दाखव हवं तर.

टेलिग्रामवर नंबर लपवता येतो हे खरं आहे. पण सगळं सिक्रेट असतं हे खरं नाही. तिथलं साधं चॅट टेलिग्रामच्या सर्व्हरवर असतं आणि कंपनीला उघडता येईल अशा पद्धतीनं असतं, सिक्रेट चॅट म्हणून वेगळं काढावं लागतं, तेही दोघांतच होतं, ग्रुपला ती सोयच नाही. नोट्सच्या पीडीएफ, टेस्टचे पेपर यासाठी टेलिग्राम वापर, त्यात बिघडत नाही. मैत्रिणीशी मनातलं बोलायचं असेल तर तिथं नको.

सिग्नलवर २०२४ पासून युजरनेम, म्हणजे नंबरऐवजी द्यायचं नाव, ठेवता येतं, खातं काढायला नंबर लागतोच पण पुढच्याला तो द्यावा लागत नाही. सेटिंगमध्ये प्रायव्हसीत जाऊन फोन नंबर कोणाला दिसावा तिथं कोणालाच नाही, आणि नंबरवरून कोणी शोधावं तिथंही कोणालाच नाही असं कर. युजरनेममध्ये स्वतःचं आडनाव आणि जन्मसाल टाकू नको, आणि ते पाहिजे तेव्हा बदलताही येतं.

आता जे मेसेज आलेत त्यांचं. आधी स्क्रीनशॉट काढ, नंबर दिसेल असा, मगच ब्लॉक कर. व्हॉट्सॲपवर ग्रुपमध्ये कोण ॲड करू शकतं ते फक्त कॉन्टॅक्टपुरतं ठेव, डीपी आणि लास्ट सीनचंही तसंच. आणि क्लासच्या सरांना लेखी सांग की सूचना एकतर्फी पाठवायची सोय करा, व्हॉट्सॲपच्या चॅनेलवर मुलांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. शेकड्यानं पोरींचे नंबर एका ग्रुपात उघडे टाकणं ही क्लासची चूक आहे, तुमच्यासारख्या चौघीजणी मिळून गेलात तर त्यांना ऐकावंच लागेल. मेसेज घाण असतील, धमकी असेल, तर सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करता येते, त्यासाठीच ते स्क्रीनशॉट जपून ठेव.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. नातू म्हणतो आजोबा, सिग्नल टाका. फुकट आहे, जाहिरात नाही, मग चालतं कशावर? फुकटाच्या मागं काहीतरी असतंच असा माझा अनुभव. शिवाय आता अरट्टई हे स्वदेशी ॲपही आलं आहे, तेच का घेऊ नये? घरातलं दुसरं कुणी यायला तयार नाही.
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : गुरुजी, हाच प्रश्न सगळ्यांनी सगळ्या ॲपबद्दल विचारायला पाहिजे. सिग्नलच्या मागं २०१८ पासून एक ना-नफा संस्था आहे, शेअरहोल्डर नाहीत. तिला उभं करताना ५ कोटी डॉलर दिले ते ब्रायन ॲक्टन यांनी, आणि हे ॲक्टन म्हणजे व्हॉट्सॲप काढणाऱ्या दोघांतले एक, २०१७ मध्ये ते फेसबुक सोडून बाहेर पडले. बाकी चालतं देणग्यांवर. २०२३ मध्ये त्यांनी खर्चाचा हिशेब जाहीर केला, त्यात नोंदणी करताना आपल्याला जो ओटीपीचा मेसेज येतो तसल्या मेसेजांवरच वर्षाला सुमारे ६० लाख डॉलर जातात असं होतं, आणि २०२५ पर्यंत एकूण खर्च वर्षाला ५ कोटी डॉलरच्या आसपास जाईल असा त्यांचा अंदाज होता. म्हणजे फुकट नाही, कुणीतरी आपल्या वाटचं भरतंय. वापरून पटलं तर वर्षाकाठी थोडं तुम्हीही द्या. अडचणही सांगते, जानेवारी २०२१ मध्ये एकदम लोंढा आला तेव्हा सिग्नल जवळपास दिवसभर बंद पडलं होतं, मेटाएवढा पैसा आणि यंत्रणा तिथं नाही.

अरट्टई झोहो या आपल्या कंपनीचं आहे, २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याचा एकदम बोलबाला झाला. पण त्या वेळी तिथं कॉलला पूर्ण कुलूप होतं, लिहिलेल्या मेसेजला नव्हतं. देशी आहे म्हणून आनंदच आहे, पण प्रश्न तेच विचारायचे, मेसेज कंपनीला वाचता येतो का, बाहेरची माहिती किती ठेवतात, पैसा कुठून येतो. उत्तरं चांगली मिळाली तर खुशाल घ्या.

घरातले येत नाहीत तर नाही येऊ द्या, लग्नकार्याचे ग्रुप काही हलत नसतात आणि ते हलवण्यावरून रुसवेफुगवे नकोत. तुम्ही आणि नातू एवढे दोघं पुरे आहेत, बँकेचं, दवाखान्याच्या रिपोर्टचं, मृत्युपत्राचं बोलणं तेवढं तिथं करा. ॲप मराठीतून चालतं. सुरवातीला एक पिन ठेवायला सांगतं आणि मधून मधून तो परत विचारतं, त्याला घाबरू नका, तुम्हाला लक्षात राहावा म्हणूनच विचारतं. पिन नातवाला पाठवू नका, वहीत लिहून कपाटात ठेवा, कारण तुम्ही पिन विसरलात तर तो सिग्नलवाल्यांना विचारून मिळत नाही, त्यांच्याकडं तो नसतोच.